सरांची साय

सरांवर माझा राग आहे. सर गेले त्याला बरीच वर्षं झाली, पण राग गेला नाही, आणि तो जावा अशी माझी फारशी इच्छाही नाही. आयुष्यात मी पुष्कळ माणसांशी भांडलो. त्यातली निम्मी भांडणं कशावरून झाली तेसुद्धा आता आठवत नाही. सरांशी झालेलं भांडण मात्र शब्द न् शब्द आठवतं. ते सोपं आहे, कारण त्यात बोललो सगळं मीच.

ते माझ्याकडे गाळा मागायला आले तेव्हा मी नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत नवा होतो. पिंपळगाव बसवंतच्या मार्केटात द्राक्षांची खोकी उचलण्यापासून माझी सुरुवात. मग मोडकी खोकी ठोकून विकायला लागलो, मग प्लास्टिकचे क्रेट आले तेव्हा बाकीच्यांच्या आधी ते भाड्याने द्यायला लागलो. त्या कमाईतून अंबडला एका बंद पडलेल्या कारखान्याचे दोन गाळे घेतले. एकात क्रेट भरले, दुसरा रिकामा होता.

एका सकाळी दारात पन्नाशीचा, काटकुळा माणूस उभा. अर्ध्या बाह्यांचा सदरा, अंगाला व्हिनेगरचा वास आणि काखेत पितळी परात. मला वाटलं भांडी विकायला आलाय. त्याने गाळ्याचं भाडं विचारलं. मी सांगायचं तेच सांगितलं, म्हणजे दुप्पट. समोरच्याने निम्मं म्हणायचं, मी दुकान विकायला काढल्यासारखा चेहरा करायचा, आणि दोघांनी मध्ये कुठेतरी थांबायचं, हा आमच्याकडचा रिवाज. या गृहस्थांनी विचारलं, "नळ कुठे आहे?"

परात काठोकाठ भरून त्यांनी रिकाम्या गाळ्याच्या मधोमध ठेवली आणि समोर मांडी घालून बसले. तासभर हलले नाहीत. मी तीन वेळा डोकावलो. चौथ्यांदा राहवलं नाही.

"काय बघताय?"

"पाणी."

"पाण्याला काय झालं?"

"अजून तरी काही नाही. पण तुम्ही बोललात की हलतं."

त्याआधी त्यांनी अंबडमधले सात गाळे बघितले होते. प्रत्येक ठिकाणी शेजारी कुठेतरी प्रेस धडधडत होती आणि परातीतल्या पाण्यावर लाटा उठत होत्या. माझा गाळा अगदी टोकाला, नाल्याकडेला. पाणी आरशासारखं. ते उठले आणि म्हणाले, "ठीक आहे शेठ, तुम्ही सांगितलं तेच भाडं." मी सांगितलेल्या भाड्याला जो तसाच हो म्हणतो, त्याची मला धास्ती वाटते. मी लगेच भाडं कमी केलं. स्वतःशीच घासाघीस करण्याची माझी ती पहिली वेळ.

सर एका कॉलेजात वीस वर्षं प्रयोगशाळेत शिकवत होते. तिथे कपाटामागे त्यांनी ट्रे मांडले होते. वास येतो म्हणून तक्रार झाली, ट्रे हलवायला सांगितले, तर सरांनी नोकरी सोडली. ट्रे हलवणं त्यांना जमणारच नव्हतं. का, ते मला पुढे कळलं.

काम ऐकायला साधं होतं. वाया गेलेल्या द्राक्षांचा रस काढायचा, गाळायचा, उकळायचा, निवू द्यायचा. त्यात विरजण घालायचं आणि पसरट ट्रेमध्ये ओतून कपडा झाकून ठेवायचं. आठ-दहा दिवसांत रसावर पांढरी जाड साय धरते. दुधाची साय नव्हे, शहाळ्यातल्या मलईसारखी, पण इतकी चिवट की दोन माणसांनी ओढली तरी फाटत नाही. ती कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात धुवायची, मग साध्या पाण्यात पुन्हा पुन्हा, की झाली पांढरीशुभ्र. सर म्हणत की कापसात जे असतं तेच यात असतं, फक्त कापसाहून बारीक धाग्याचं, आणि ते झाड न लावता जिवाणू विणतात.

विरजणातले हे जिवाणू त्यांना एका मळ्याच्या बांधावर टाकलेल्या सडक्या द्राक्षांच्या ढिगात सापडले होते. अकरा वर्षं त्यांनी ते जिवंत ठेवले होते. गावाला जाताना बाटली सोबत नेत. स्वतः बिनसाखरेचा चहा पीत. का, तर "साखर त्यांना लागते."

मला समजेल अशा भाषेत त्यांनी एकदा सांगितलं. "शेठ, असं समजा की एका ट्रेमध्ये अख्ख्या अंबडपेक्षा जास्त कामगार आहेत. पगार नाही, सुट्टी नाही, संप नाही. मागणं एकच. धक्का नको."

धक्का लागला की साय बुडते. खालची बुडाली की कामगार वर नवीन साय धरायला घेतात, आणि एका जाड सायीऐवजी दोन पातळ थर होतात. म्हणून मांडण्यांच्या पायांखाली सायकलच्या टायरचे तुकडे. म्हणून आत चप्पल नाही. म्हणून दारावर खडूने एकच शब्द, 'हळू'. आत सर कुजबुजत बोलत, आणि ती सवय इतकी लागली की रस्त्यावर रिक्षावाल्याशीही कुजबुजत. रिक्षावाला दुप्पट मोठ्याने विचारायचा, "काय?" सर आणखी हळू बोलायचे. बोलताना सगळ्यांना अहो-जाहो, नाल्यावरच्या कुत्र्यालासुद्धा. "अहो, जरा सरका." कुत्रा सरकायचा.

थंडीत ते मांडण्यांना गोधड्या गुंडाळत. उबेसाठी लावलेले बल्ब लाइट जाऊन विझले की रबरी पिशव्यांत गरम पाणी भरून ट्रेच्या आजूबाजूला ठेवत. माझ्या बायकोने विचारलं, "सर, तुमच्यासाठी आहे का एखादी गोधडी?" ते विचारात पडले. त्यांच्याकडे होती एक, पण ती तिसऱ्या मांडणीवर होती.

द्राक्षांचा हंगाम संपला की ते दिसेल ते आंबवून बघत. टोमॅटोची साय पिवळट आली. सटाण्याहून मी टेम्पोभर तडकलेली डाळिंबं आणून दिली, तर बदामी रंगाची आली, चांगली आली, पण पांढरी नाही म्हणून सर नाराज. कांद्याचा प्रयोग त्यांनी एकदाच केला. त्या आठवड्यात माझे क्रेट नेणारे लोक बाहेरूनच हाका मारायचे. साय धरली की नाही ते मी विचारलं नाही.

थर वाचण्याचा त्यांना छंद होता. एकदा त्यांनी बिघडलेली साय हातावर घेतली आणि नखाने कडेचे पापुद्रे सुटे करत गेले. हा पातळ, त्या दिवशी नाल्यावर जेसीबी आला होता. हा त्याहून पातळ, शेजारच्याने शटर आपटलं होतं. मग एक जाडजूड थर आला. त्यावर त्यांनी प्रेमाने बोट फिरवलं.

"हा बघा. केवढा छान."

"हा कसा आला?"

"त्या आठवड्यात तुम्ही सटाण्याला होतात."

मी रागावलो. तेवढ्यात ट्रे हलला असणार, कारण सरांनी लगेच माझ्या खांद्यावर हात ठेवून मला अलगद बाहेर नेलं, जसं मोठ्या घरातून पाहुण्याला सोडायला येतात तसं.

एका दिवाळीत शंकरपाळे तळताना बायकोच्या हातावर उकळतं तेल उडालं. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी सोलली. डॉक्टरांनी पट्टी केली, पण रोज ती काढताना हिचं रडं मला बघवत नव्हतं. सरांना कळलं. ते पिशवीतून स्टीलचा डबा घेऊन डॉक्टरांकडेच आले. दोघं बराच वेळ बोलले, डॉक्टरांनी डब्यातला तुकडा उजेडात धरून बघितला आणि म्हणाले, लावून बघू. साय हातावर ठेवल्याबरोबर हिने डोळे मिटले. म्हणाली, "अगंबाई, गार वाटतंय."

सर रोज संध्याकाळी बघायला येत. दारातच विचारत, "वहिनी, कशी आहे?" ही म्हणायची, मी बरी आहे. सर म्हणायचे, "तुम्ही नाही, ती." पट्टी बदलावी लागली नाही. दोन आठवड्यांनी साय आपोआप सुटली आणि खाली कोवळी गुलाबी कातडी होती. आज त्या हातावर डाग शोधावा लागतो.

तिथे माझं डोकं फिरलं. मी धंदेवाला माणूस. इतके दिवस मला वाटत होतं, एक भला माणूस माझ्या गाळ्यात दही लावतोय. आता दिसलं की कचऱ्यातून सोनं निघतंय आणि हा मनुष्य ते बिघडलेल्या थरांसकट डब्यात भरून ठेवतोय. मी सरांना म्हटलं, हे विकलं पाहिजे. मला वाटलं नको म्हणतील. ते म्हणाले,

"शेठ, वीस वर्षं मी पोरांकडून असे प्रयोग करून घेतले, ज्यांची उत्तरं आधीच पुस्तकात होती. हे एकच असं आहे की ज्याचं उत्तर मी काढलं. माझ्यामागे ते कुणीतरी वापरावं एवढंच आहे. विकून होत असेल तर विका."

मी कामाला लागलो. जखमेच्या पट्ट्या बनवणारी मुंबईची एक कंपनी शोधली. चार महिने फोन केले, दोनदा जाऊन आलो, बायकोचा हात दाखवायला तिलाही घेऊन गेलो. शेवटी ते नाशिकला यायला तयार झाले. अट अशी की दहा साया बघायला मिळाव्यात, सगळ्या द्राक्षाच्या, पांढऱ्या, एकसारख्या जाडीच्या, एकही थर सुटलेला नको. पसंत पडलं तर पन्नास मांडण्यांची शेड ते बांधून देणार, सर ती चालवणार, आणि शेड माझ्या जागेत. एवढं सगळं त्या दहा सायांवर होतं. ते येणार होते जूनमध्ये.

सर म्हणाले, जानेवारीपर्यंत थांबायला सांगा. हंगाम संपला होता. एरवी पॅकहाऊसमध्ये द्राक्षाचे घड साफ करताना बायका जे सुटे मणी खाली टाकतात, ते मी सरांना आणून देत असे. ते आता मिळणार नव्हते. मी म्हटलं, जानेवारीपर्यंत कोण थांबतो? द्राक्षं मी आणतो.

आणि आणली. पिंपळगावच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये परदेशी जायची राहिलेली द्राक्षं पडून होती. गिऱ्हाइकाने माल नाकारला होता आणि मालकाला जागा मोकळी हवी होती. त्या दिवशीची घासाघीस माझ्या आयुष्यातली सर्वोत्तम. मी दोनदा उठून टेम्पोत बसलो, एकदा तर टेम्पो गेटपर्यंत नेला. शेवटी ज्या भावाला माल उचलला, तो ऐकून हमालसुद्धा हसले. दोन महिन्यांचा माल, पण मणी टणक, देठ हिरवे. खोकंच्या खोकं भरून.

अंबडला खोकी उतरवली. सरांनी पहिलं उघडलं, नाक आत घातलं आणि शिंकले.

"शेठ, याला आगकाडीचा वास येतोय."

"कुणी बिडी ओढली असंल गोदामात. सर, भाव काय लागला माहितीये का?"

मी भाव सांगितला. सरांनी "अरे वा" म्हटलं.

पहिली खेप चांगली आली. दुसऱ्या खेपेला सायच धरली नाही. दहा दिवस झाले, रस नुसता रस. तिसरी चांगली, चौथी अर्धीमुर्धी. सर कामगारांची विचारपूस केल्यासारखे प्रत्येक ट्रेपाशी वाकून उभे राहत. मग एक दिवस माझ्या टेबलावर त्यांनी एक मऊसर, चौकोनी कागद आणून ठेवला. मेणकापडासारखा, आत पांढरी पूड भरलेली.

"हा प्रत्येक खोक्यात असतो?"

"असतो ना. औषधाचा कागद आहे, माल टिकायला घालतात. त्यानेच तर एवढा टणक राहिला. आणि कागदाचे पैसे वेगळे दिलेले नाहीत बरं का, फुकट आलाय."

"काही कागद भिजलेत," सर म्हणाले. मी म्हटलं, भिजू द्या, आपल्याला काय कागद खायचेत? आणि कोल्ड स्टोरेजवाल्याला टेम्पो गेटपर्यंत नेऊन कसा घाबरवला, ते त्यांना परत सांगितलं.

त्या दिवसापासून सर रस उकळायला तिप्पट वेळ घ्यायला लागले. दारं-खिडक्या उघडून, तोंडाला रुमाल बांधून. गॅसची टाकी आठवड्यात संपली. मी विचारलं एवढं काय शिजवताय, तर म्हणाले, "वास घालवतोय." मला वाटलं, म्हातारा सोवळं पाळतोय.

साहेब यायच्या पाच दिवस आधी आणखी एक खेप मेली. माझा तोल गेला. राग आला की माझी भाषा पिंपळगावची होते. मी म्हटलं, लोक मुंबईहून येऊ राह्यले आणि तुमचे कामगार झोपा काढू राह्यले, यांना एवढा स्वस्तातला माल आणून दिला तरी नखरे. सर म्हणाले, "माल टिकवायला जे घातलंय ना शेठ, त्यानेच..." मी टेबलावर हात आपटला. "मालाला नाव ठेवायचं नाय! असा भाव कोणी काढून दाखवावा!" सरांचं ते टेबल मांडणीला लागून होतं. दोन ट्रेमधल्या साया शांतपणे खाली बसल्या. सर ते बघत राहिले.

तरीही साहेब आले त्या दिवशी पाण्याच्या टाकीत अकरा साया होत्या. दहा मागितल्या होत्या, अकरा होत्या. पांढऱ्या, एकसारख्या. कंपनीकडून एक साहेब आणि त्यांच्या प्रयोगशाळेतल्या एक बाई आल्या होत्या. साहेबांनी साय उजेडात धरली, ताणली, हसले. शेडसाठी जागा कुठे आहे, विचारलं. मी बाहेर नेऊन जागा दाखवली, पाण्याची सोय दाखवली, चहा मागवला. परत आलो तर बाईंनी सरांना विचारलं, "दर खेपेला अशाच येतात?"

सर म्हणाले, "नाही. तीनातली एक खेप बिघडते."

मी खोकलो. एवढ्या मोठ्याने खोकलो की अकरा साया हलल्या.

"कारण?" बाईंनी विचारलं.

सरांनी माझ्याकडे बघितलं. ती नजर मला अजून दिसते. त्यात राग नव्हता, नुसता अंदाज होता, परातीतलं पाणी बघताना असायचा तसा. मग ते बाईंना म्हणाले, "कच्चा माल पारखण्यात माझी चूक झाली. ती मी दुरुस्त करीन. पण आज हमी देता येणार नाही."

साहेबांनी चहा अर्धा ठेवला. कळवतो म्हणाले. ज्यांना घ्यायचं नसतं ते असंच म्हणतात, मी स्वतः हजार वेळा म्हटलंय. त्यांचं पत्र आलं नाही.

गाडी नाल्यावरून वळायच्या आत मी सुरू झालो. "तुम्हाला कोणी इचारलं होतं?"

"त्यांनीच विचारलं होतं," सर म्हणाले.

मग जे बोललो ते इथे लिहीत नाही. शेवटी म्हटलं, गाळा खाली करा. सरांनी घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाले, बरं, एक ट्रे उद्या तयार होतोय, तेवढा झाला की निघतो.

दुसऱ्या दिवशी मी टेम्पो दिला. एवढा राग होता तरी टेम्पो दिला. सामान चढलं, गोधड्या चढल्या, परात चढली. विरजणाचा ट्रे मात्र सरांनी टेम्पोत ठेवू दिला नाही. खड्ड्यांचा धक्का बसेल म्हणाले. तो दोन्ही हातांवर घेऊन, वर पंचा झाकून, ते अंबडहून पाथर्डी फाट्याकडे बहिणीच्या घरी पायी निघाले. भर दुपारी, रस्त्याच्या कडेने, नवरदेवापुढे ताट घेऊन चालतात तसे. ड्रायव्हरला मी उतरवलं आणि टेम्पो स्वतः चालवला. पहिल्या गिअरमध्ये, त्यांच्यामागे, सगळा रस्ता. मागचे ट्रक हॉर्न वाजवत होते. हॉर्न वाजला की सर थांबत आणि ट्रेकडे बघत. तिसऱ्यांदा ते थांबले तेव्हा मी खाली उतरलो आणि ट्रकवाल्याला अशा शिव्या दिल्या की तो बिचारा गाडी बंद करून बसला. सर वळून म्हणाले, "हळू, शेठ."

त्यानंतर काही वर्षं आमचं बोलणं नव्हतं. बायको त्यांच्याकडे जायची, दिवाळीला फराळ द्यायची. मी कुणालाही भेटलो की सांगायचो, तोंड बंद ठेवता आलं नाही म्हणून एका माणसाने अकरा साया, पन्नास मांडण्या आणि माझी शेड बुडवली. लोक माना डोलवायचे.

मग नाशिककडे वायनरी आल्या. कोल्ड स्टोरेजचा पडलेला माल त्यांना घालावा असं माझ्या डोक्यात आलं, आणि पुन्हा तसाच, तशाच भावात एक टेम्पो घेऊन मी एका वायनरीच्या गेटवर उभा राहिलो. माल तपासणारी मुलगी होती. तिने एक खोकं उघडलं, नाक आत घातलं आणि शिंकली.

"काका, हा माल नाही चालणार. यात कागद आहेत."

सवयीने मी भाव कमी केला. ती म्हणाली, भावाचं नाही. "कागदात गंधकाच्या क्षाराची पूड असते. बुरशी येऊ नये म्हणून ठेवतात. कागद भिजला की तिचा वायू जास्त सुटतो, द्राक्षात मुरतो. आम्हाला रस आंबवायचाय, काका. आंबवणारे जीवच त्याने मरतात."

मी आणखी भाव कमी करणार होतो. तोंड उघडलं होतं. सरांनी टेबलावर आणून ठेवलेला कागद आठवला. आयुष्यभर खोक्यांत काढलेला माणूस मी. तो कागद माल टिकवतो हे मला तिच्याआधी माहीत होतं. तो कशामुळे टिकवतो, हे विचारायची गरज मला कधी वाटली नव्हती.

टेम्पो तसाच पाथर्डी फाट्याला नेला. सर बहिणीच्या स्वयंपाकघराबाहेरच्या गॅलरीत बसले होते. तीन ट्रे होते, तेवढेच. दार मी आपोआप हळू लोटलं. त्यांनी वर बघितलं आणि माझ्यासाठी पाट सरकवला, जसा मी कालच येऊन गेलो होतो.

"तो कागद," मी म्हटलं.

"हो," सर म्हणाले.

"तुम्हाला माहीत होतं."

"शंका पहिल्या दिवशीच आली होती. खात्री चौथ्या खेपेनंतर झाली."

"मग मला सांगायचं होतं ना."

"सांगितलं होतं, शेठ. तीनदा. दरवेळी तुम्ही मला भाव सांगत होतात."

मी म्हटलं, निदान त्या बाईंना सांगायचं होतं, द्राक्षं याने आणली म्हणून. सरांनी ट्रेवरचा कपडा सारखा केला. "तुम्ही आणलीत, पण ट्रेमध्ये मी ओतली. नाक माझंही होतं. आणि त्या दिवशी तुम्ही त्यांच्यासाठी किती आनंदाने चहा मागवला होता."

मग त्यांनीच विचारलं, "खरं सांगा, त्या खोक्यांचा भाव काय लागला होता? तेव्हा तुम्ही सांगायचात, पण माझं लक्ष नसायचं."

मी सांगितला. सर भुवया उंचावून खरोखरच चकित झाले.

"एवढा स्वस्त? मग बरोबर आहे शेठ. मीही घेतला असता."

निघताना त्यांनी बायकोसाठी विरजणाची एक बाटली दिली. त्यानंतर मी दर हंगामात पॅकहाऊसचे सुटे मणी निवडून त्यांच्याकडे पोहोचवत राहिलो, एकही कागद नसलेले, प्रत्येक क्रेट स्वतः हुंगून. दोनदा मुंबईला त्या कंपनीत गेलो. आधी आलेले साहेब आणि बाई तिथे नव्हते, आणि नव्या लोकांना सायीत रस नव्हता. सर मला म्हणाले, असू द्या, ट्रे तर चालू आहेत ना.

एका जानेवारीत, द्राक्षं नुकती सुरू झाली असताना, ते गेले. बहिणीने सांगितलं की आदल्या संध्याकाळी त्यांनी तिन्ही ट्रे लावले होते. ते आम्ही हलवले नाहीत. दहा दिवस तिथेच राहू दिले. साय धरली, एकाच थराची.

ती बाटली आमच्या ओट्याखाली आहे. बायको तिला दर पंधरवड्याला द्राक्षाचा नाहीतर उसाचा रस घालते. फोनवर माझा आवाज चढला की ती नुसतं ओट्याकडे बोट दाखवते. गल्लीत कुणाला भाजलं तर लोक तिच्याकडे येतात आणि ती त्यांना सायीचा डबा देऊन आधी डॉक्टरांकडे पाठवते.

तर असा माझा सरांवर राग आहे. त्यांनी मला तीनदा सांगितलं, हे मी मान्य करतो. पण वीस वर्षं शिकवलेला माणूस. वर्गात मागच्या बाकावर कसली पोरं बसतात हे त्यांना ठाऊक असणार. त्यांनी चौथ्यांदा सांगायला हवं होतं.